अण्णा पेंटरांची तिसरी बॅग

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा चुकीची बॅग मागायचं. त्यात त्याचा दोष नसे. माणसाला काय न्यायचं आहे ते ठाऊक असतं. ते बाहेर कसं काढायचं आणि परत कसं ठेवायचं, याचा विचार त्याने केलेला नसतो. तो विचार करणं हे बॅग शिवणाऱ्याचं काम. रत्नागिरीच्या बाजारपेठेत, एका आडव्या गल्लीतल्या छोट्या गाळ्यात मी हे काम तीसेक वर्षं केलं. मुळात मी ब्लाउज शिवणारी. शेजारचा रेक्झिनवाला गाव सोडून निघाला तेव्हा त्याचं जाड कामाचं मशीन मी ठेवून घेतलं आणि शाळेच्या दप्तरांपासून सुरुवात केली. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे मशीन बंद केलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका भटजींना पूजेच्या सामानाची अशी बॅग हवी होती की स्कूटर खड्ड्यात गेली तरी आतली घंटा वाजता कामा नये. मासळी विकणाऱ्या एका बाईंना कमरेला लावायची पिशवी हवी होती, पण ओल्या हाताने मोबाईल काढता आला पाहिजे आणि मोबाईलला पाणी लागता कामा नये. त्यांच्यासाठी मी चार वेळा उसवून शिवलं. अशी कामं जमली की दिवस छान जायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मोठी बॅग शिवणं कठीण. खरं उलटं आहे. मोठ्या बॅगेत चूक खपून जाते. छोट्या बॅगेत अर्धा इंच इकडेतिकडे झाला की वस्तू अडकते, चेन फाटते, नाहीतर माणूस कंटाळून ती बॅग घरी ठेवून पिशवी घेऊन निघतो. त्यात आमच्याकडची खारी हवा. लोखंडी बकल एका पावसाळ्यात गंजतं, चेनचा रनर जाम होतो, अस्तराला बुरशी धरते. म्हणून मी बकल प्लॅस्टिकचं घालायचे आणि चेन जाड दातांची. एवढं सगळं कळत असूनही एका छोट्या बॅगेने माझा पुरता गोंधळ उडवला होता. ती गोष्ट सांगायची आहे.

चार-पाच वर्षं झाली. मे संपत आला होता. मनीषा नावाची पस्तिशीची बाई वडिलांना घेऊन दुकानात आली. ती देवरूखला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, नवरा-मुलांसह तिथेच राहणारी. वडील इथे मिरकरवाड्याच्या बाजूला एकटे. सगळे त्यांना अण्णा पेंटर म्हणत. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट, नखांच्या कडेला जुना निळा रंग कायमचा बसलेला.

मनीषाने माझ्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. तळहातात मावेल असा कॅमेरा, सुपारीच्या डबीएवढी एक जादा लेन्स, काडेपेटीएवढ्या दोन बॅटऱ्या, पुसायचं फडकं.

"काकी, खांद्याला लावायची छोटी बॅग हवी. एवढंच मावलं पाहिजे. मोठी केलीत तर ते त्यात काहीही भरतील."

"आणि कार्ड," अण्णा म्हणाले.

"कार्ड कॅमेऱ्यातच असतं, बाबा."

"दुसरं कार्ड."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठल्या खांद्यावर लावणार? पायी की एसटीने? पावसात बाहेर काढणार का? कॅमेऱ्याच्या बॅगेत दोन गोष्टी बघायच्या असतात. एक म्हणजे कॅमेरा एका हाताने, न बघता निघाला पाहिजे. दुसरी म्हणजे बॅग कॅमेऱ्याची आहे असं लांबून दिसता कामा नये, नाहीतर लोक आधी बॅगेकडे बघतात आणि मग माणसाकडे. अण्णांनी मान डोलावली. मनीषा म्हणाली, "कप्पे भरपूर करा. प्रत्येक वस्तूला वेगळा." अण्णा म्हणाले, "कप्पे कशाला." दोघांमध्ये काहीतरी होतं ते मला कळलं नाही. घरोघरी असतं तसं असेल असं मी धरलं.

पहिली बॅग मी खाकी कॅनव्हासची शिवली. आतून ताडपत्रीचं अस्तर, चेनवर पावसासाठी झापड, आत पाच कप्पे आणि बाहेर दोन. माझ्या मते उत्तम झाली होती. आठव्या दिवशी अण्णा एकटेच आले आणि बॅग टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, सापडत नाय."

"काय सापडत नाही?"

"वस्तू."

कप्पे जास्त झाले, असं मी समजले. माझीच चूक. दुसरी बॅग शिवली. एकच मोठा कप्पा, तळाला आणि बाजूंना फोम, उघडली की सगळं समोर. वेगळे पैसे घेतले नाहीत. ती घेऊन गेले आणि चार दिवसांनी पुन्हा दारात उभे.

"राहतंय," म्हणाले.

"काय राहतंय?"

"राहतंय म्हणजे राहतंय. कधी हे, कधी ते."

मला वाटलं, बॅगेत सगळं नीट राहतंय असं सांगतायत. मी म्हटलं, "राहतंय तर चांगलंच आहे की, अण्णा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी वेगळ्याच भाषेत बोलले. मग निघून गेले. मी दिवसभर डोकं खाजवत होते. तक्रार करायला आलेला माणूस कौतुक करून का गेला?

पुढच्या आठवड्यात, बाहेर पाऊस लागला होता, अण्णा छत्री मिटून आत आले. खांद्याला माझी दुसरी बॅग होती.

"ताई, माझी मुलगी बोलली, तुमच्याकडे कॅमेऱ्याची बॅग मिळेल. छोटी हवी."

मला वाटलं, टोमणा मारतायत. त्या दिवशी शाळांच्या दप्तरांचा ढीग पडला होता, माझं डोकं आधीच तापलेलं. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "अण्णा, दोन शिवून दिल्या. आता तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा आणि मग या."

बोलून झाल्यावर मी वर बघितलं. ते खांद्यावरच्या पट्ट्यावर हात फिरवत होते. मग त्यांनी मान खाली घालून बॅगेकडे बघितलं, बराच वेळ.

"ही तुमी शिवलीत?"

"हो."

"कधी?"

टोमणा वगैरे काही नव्हता. मी उठून त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ते कसेबसे म्हणाले, "मी ठेवतो, आणि राहतं. होडीवर राहतं, गाडीत राहतं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राहतंय म्हणजे मागे राहतंय. माणूस तीन-तीनदा येऊन मला तेच सांगत होता आणि मी त्याला फोम आणि कप्पे समजावत होते.

संध्याकाळी मी मनीषाला फोन केला. तिने सगळं सांगितलं. दीड वर्षापासून हे चालू होतं. डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या. कॅमेरा एकदा जयगडला होडीवर राहिला, तिथल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी एसटीने पाठवून दिला. लेन्स एकदा गाडीत राहिली, कंडक्टरने सांभाळून ठेवली.

"मी त्यांना सांगितलंय काकी, यापुढे काही राहिलं की एकट्याने बाहेर जायचं बंद. मी देवरूखला घेऊन जाणार."

"मग बॅग कशाला सांगितलीस?"

"मला वाटलं, बॅग चांगली असली तर राहणार नाही." मग म्हणाली, "खरं सांगू? मला काय वाटलं तेच माहीत नाही. देवरूखला त्यांना न्यायचं म्हटलं की मीच दिवस पुढे ढकलत राहते. तिथे समुद्र नाही. ते करणार काय?"

मी म्हटलं, "एक शेवटची बॅग शिवते. मग तू ठरव."

त्यानंतर अण्णा रोज सकाळी दुकानात येऊन बसायला लागले. मी बोलावलं होतं म्हणून यायचे की बॅग सांगायला यायचे, ते मी विचारत नसे. त्यांच्या कामाबद्दल विचारलं की मात्र ते अगदी स्वच्छ बोलत. चाळीसेक वर्षं त्यांनी होड्यांवर नावं रंगवली. इथलं बंदर, जयगड, मधली सगळी गावं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की डागडुजी होते, रंग लागतो, आणि नारळी पौर्णिमेच्या आत नाव ताजं करायचं. दरवर्षी त्याच अक्षरांवर पुन्हा ब्रश फिरवायचा. हात कापायला लागला तेव्हा काम सुटलं. मग मनीषाने कॅमेरा दिला, घरी बसून राहू नयेत म्हणून. अण्णांनी ठरवलं, आपण काढलेल्या नावांचे फोटो काढायचे, ती पुसली जाण्याआधी. आता नावं स्टिकरवर येतात. कॉम्प्युटरवर कापलेली, एका दिवसात चिकटवून मोकळं.

"त्यातला ल बगा," ते मला म्हणाले. त्यांनी माझ्या खडूने टेबलावर काढून दाखवला. आपला ल दोन्ही अंगांनी फुगलेला, मधून दांडा खाली उतरलेला. स्टिकरवरचा ल उजवीकडच्या दांड्याला टेकून उभा. "तो हिंदीतला. आपल्या होडीवर कशाला?" त्या दिवसापासून मी गावातल्या पाट्या वाचताना ल बघायला लागले.

त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मला बॅग सुचली. अण्णांना वस्तू सापडत नव्हत्या असं नाही. एखादी वस्तू नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. रिकामा कप्पा आणि भरलेला कप्पा वरून सारखेच दिसतात. म्हणून मी बॅग डब्यासारखी उघडणारी केली. आत जाड फोमचा एकच तुकडा आणि त्यात प्रत्येक वस्तूच्या मापाचा खळगा कापला. वरचं अस्तर काळं आणि खळग्यांच्या तळाला झगझगीत पिवळं कापड. वस्तू जागेवर असली की सगळं काळं. एक जरी नसली तरी पिवळं डोळ्यात भरणार. वस्तू आठवायची गरज नाही, फक्त पिवळं बघायचं.

अण्णांना दाखवलं. त्यांनी वस्तू ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. मग म्हणाले, "पिवळं दिसलं तर काय करायचं, ते विसरलो तर?"

याचं उत्तर त्यांनीच शोधलं. दुसऱ्या दिवशी ते घरून रंगाची डबी, बारीक ब्रश आणि एक बोटभर जाडीची काठी घेऊन आले. पाट्या रंगवणारे काठीचं एक टोक कडेला टेकवून त्यावर मनगट ठेवतात, म्हणजे हात स्थिर राहतो. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी पांढऱ्या रंगात लिहायला घेतलं. ब्रश टेकवायच्या आधी हात इतका कापत होता की मी दुसरीकडे बघायला लागले. टेकल्यावर कापायचा थांबला. एक तास लागला. झाकणावर लिहिलं होतं: "पिवळं दिसलं तर परत फिर." खाली मनीषाचा फोन नंबर.

मनीषाने एका महिन्याची मुदत दिली. पण पहिल्या फेरीला मी बरोबर जायचं, असं तिने मला सांगितलं. खरं तर तिने सांगायची गरज नव्हती. दुकानात त्यांना तसं बोलले होते, ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

जुलैचा शेवटचा आठवडा असेल. सकाळच्या एसटीने आम्ही जयगडला गेलो. खाडीच्या कडेला होड्या वर ओढलेल्या, काहींवर माडाचे झाप आणि ताडपत्री, काहींचं रंगकाम सुरू. अण्णा चिखलातून माझ्यापेक्षा झपाझप चालत होते. होडीपाशी जाऊन उभे राहायचे, नाव वाचायचे, "ही माझी" किंवा "ही नाय" म्हणायचे. त्यांची असली की बॅग उघडून कॅमेरा काढायचे, फोटो घ्यायचे, परत ठेवायचे, झाकण वाचायचे, बंद करायचे. पाच-सहा होड्या झाल्या. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग आम्ही रघू तांडेलांच्या होडीपाशी आलो. रघू तांडेल पन्नाशीचे, स्वतः फळकुटावर बसून तळ खरवडत होते. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, निळी पट्टी आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात "सागरलक्ष्मी". अण्णा थांबले.

"ही माझी," म्हणाले.

मी बघितलं. ती पट्टी म्हणजे सरळसरळ स्टिकर होतं. एका कोपऱ्यात सुटून वर आलेलं. आणि "लक्ष्मी"तला ल दांड्याला टेकून उभा.

रघू तांडेल उठून आले. "अण्णा, मी ही होडी तीन वर्षांपूर्वी घेतली. तेव्हापासून हेच नाव, हेच स्टिकर हाय."

"माझं अक्षर हाय," अण्णा म्हणाले.

रघू तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "व्हय अण्णा. असेल तुमचंच. काढा फोटो." ते मन राखायला बोलले, हे मला कळलं. मीही गप्प राहायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. मला वाटलं, ज्या माणसाने आठवडाभर मला अक्षर शिकवलं त्याला स्टिकरचा फोटो काढू देणं म्हणजे त्याला फसवणं. मी म्हटलं, "अण्णा, हा ल बघा ना."

त्यांनी ल बघितला. जवळ जाऊन बघितला. सुटलेला कोपरा नखाने उचलून बघितला. त्यांचा चेहरा त्या दिवशी दुकानात झाला होता तसा झाला. ते मागे वळले, एका ओंडक्यावर बसले आणि खांद्यावरची बॅग काढून माझ्या हातात दिली.

"ही तुमी ठेवा, ताई. मनीषाला सांगा, मी येतो देवरूखला."

बारीक पाऊस सुरू झाला. मी बॅग पोटाशी धरून उभी. रघू तांडेल हातातलं खरवडायचं पातं खाली ठेवून नुसते उभे. मग अण्णा उठले, पुन्हा होडीपाशी गेले आणि त्या निळ्या पट्टीवरून बोटं फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. डोळे मिटलेले.

"ताई, हात लावून बगा."

मी लावला. रेक्झिनच्या खाली शिवण असली की ती वरून दिसत नाही, पण बोटाला लागते. तीस वर्षं मी तशीच शिवण शोधत आले. इथेही लागली. गुळगुळीत स्टिकरच्या खाली काहीतरी उंचवट्यासारखं होतं. गोल जात होतं, खाली उतरत होतं. वरच्या छापील अक्षरांशी त्याचा काही मेळ नव्हता.

"खाली रंग आहे," मी रघू तांडेलांना म्हटलं. "जाड थर आहे."

त्यांनीही हात लावला. "मला काय लागत नाय," म्हणाले. आणि पुढे, "पण हे काढायचंच हाय. नवीन रंग लावायचा तर स्टिकर ठेवून काय करू." त्यांनी सुटलेला कोपरा धरला आणि पट्टी ओढायला सुरुवात केली.

पट्टी सलग निघाली नाही. तुकड्यातुकड्यांनी फाटत आली, आणि पहिल्या दोन अक्षरांचा रंग तिच्याबरोबरच उचकटून निघाला. पण पुढे लाकडाला धरून राहिलेली अक्षरं उघडी झाली. पिवळसर पांढरा रंग, काळी किनार, थरावर थर चढून जाड झालेला. "र" आणि पुढे सबंध "लक्ष्मी". ल दोन्ही अंगांनी फुगलेला, दांडा मधून खाली.

बरीच वर्षं न भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं अण्णा बघत होते. मग म्हणाले, "क्ष जरा वाकडा झालाय."

रघू तांडेल हसले. "अण्णा, नाव तुमीच ताजं करा ना यंदा."

"हात कापतो."

"कापू दे."

अण्णांनी मान हलवली, नाही म्हणाले. माझ्या हातातून बॅग घेतली, फळीवर ठेवून उघडली, लेन्स बदलली, आठ-दहा फोटो काढले. कॅमेरा ठेवला, बॅग बंद केली आणि आम्ही रस्त्याला लागलो. स्टँडवर गाडी उभी होती. चढायच्या आधी त्यांनी सवयीने बॅग उघडली. आत एक मोठा पिवळा गोल दिसत होता. लेन्सची जागा.

मी काही बोलणार होते, पण थांबले. त्यांनी झाकण वाचलं. ओठ हलवून, शाळेतल्या मुलासारखं. मग मला म्हणाले, "गाडी सोडा, ताई. परत जायला लागेल." लेन्स रघू तांडेलांच्या होडीच्या फळीवर होती, वरून त्यांनी ताडपत्रीचा तुकडा झाकलेला. पुढची गाडी दीड तासाने आली. मी त्या दीड तासात इतकी समाधानी होते की चिखलात रुतलेल्या चपलेचा तुटलेला अंगठा मला घरी आल्यावर दिसला.

मनीषाने महिन्याची मुदत संपल्यावर विषय काढला नाही. तो सगळा सीझन आणि पुढचा जवळजवळ पूर्ण उन्हाळा अण्णा एकटे फिरले. कधी भाट्याच्या खाडीवर, कधी जयगडला. आल्यावर दुकानात डोकावून बॅग उघडून दाखवायचे. सगळं काळं. त्या वर्षात मी इतर कामांत काय काय शिवलं ते मला आठवत नाही, पण ती बॅग उघडून दाखवतानाचे अण्णा आठवतात.

पण मी काही आजार शिवून बंद केला नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात ते एकदा बॅग नीट बंद करून, सगळं काळं ठेवून, चुकीच्या गाडीत बसले आणि थेट चिपळूणला उतरले. तिथे कुणीतरी झाकणावरचा नंबर वाचून मनीषाला फोन केला. फोममध्ये वस्तूंसाठी खळगे होते, माणसासाठी नव्हता. हे मला सुचायला हवं होतं असं कधी वाटतं, आणि सुचून मी काय केलं असतं असंही वाटतं. मनीषाने त्यांना देवरूखला नेलं.

त्यानंतर साधारण वर्षाने ती त्यांना डॉक्टरांकडे दाखवायला रत्नागिरीला घेऊन आली तेव्हा दोघं दुकानात आले. अण्णा आणखी वाळले होते. मला ओळखलं की नाही ते सांगता येणार नाही. नमस्कार केला, स्टुलावर बसले. बॅग मांडीवर.

"काकी, एक काम होतं," मनीषा म्हणाली. "याचा पट्टा काढून द्याल? आता ते बाहेर जात नाहीत. बॅग मात्र दिवसभर हातात असते. झोपतानाही उशाशी घेतात. परवा पट्टा मानेला अडकला होता."

मी पट्टा चौकोन आणि आत फुलीची शिवण मारून बसवला होता, दुहेरी दोऱ्याने. तुटता कामा नये म्हणून. तो उसवायला मला अर्ध्या तासाच्या वर लागलं. आयुष्यभर मी पट्टे लावले. नीट असलेला पट्टा काढायची वेळ त्याआधी आली नव्हती. एकेक टाका ब्लेडने कापत होते आणि अण्णा माझ्या हातांकडे बारकाईने बघत होते. कारागीर दुसऱ्या कारागिराकडे बघतो तसं.

पट्टा सुटला. बॅग मी त्यांना परत दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, मांडीवर ठेवली.

"पट्ट्याचं काय करू?" मी मनीषाला विचारलं.

ती माझ्याकडे आणि पट्ट्याकडे बघत राहिली. उत्तर अण्णांनी दिलं.

"चांगला हाय. कुणाच्या तरी बॅगेला लागेल."

त्याच महिन्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी तुटलेल्या पट्ट्याची बॅग घेऊन आली. मी तोच पट्टा तिच्या बॅगेला लावला, चौकोन आणि फुली मारून. तो कुणाचा होता ते तिला सांगितलं नाही.